सुमनकाकींची दहा मिनिटं

दिग्दर्शकाला निदान दोन शब्द यायला हवेत, असं मी पहिल्याच तासाला सांगतो. एक ‘ॲक्शन’ आणि दुसरा ‘कट’. सुमनकाकींना पहिला शब्द लगेच आला. दुसरा मात्र कोर्स संपेपर्यंत त्यांच्या तोंडून निघाला नाही. समोरचा माणूस बोलत असताना त्याला कट म्हणणं त्यांना भरल्या ताटावरून उठवण्यासारखं वाटायचं. त्यामुळे त्या थांबून राहायच्या. माणूस बोलून संपायचा, खाकरायचा, उठून चपला शोधायला लागायचा, तरी कॅमेरा आपला चालूच. मग काकी हळूच म्हणायच्या, “बरं, बसा आता. चा घ्या.” चहा घ्या म्हणजे कट, हे त्यांच्या कॅमेरावालीने अनुभवाने ओळखलं होतं.

मी शनिवार पेठेत राहतो आणि संकलन करतो. म्हणजे दुसऱ्यांनी हौसेनं शूट केलेलं निर्दयपणे कापतो. लोणी काळभोरच्या एका कॉलेजात सुट्टीच्या दिवशी लघुपटाचा कोर्स सुरू झाला आणि मला शिकवायला बोलावणं आलं. पहिल्या दिवशी बस रखडली. वर्गात शिरलो तर सगळी विशीतली मुलं आणि पहिल्या बाकावर डोक्यावर पदर घेतलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई. कुणाची तरी आई असणार, अशा समजुतीने मी म्हणालो, “ताई, फी भरायचं ऑफिस खाली आहे.”

“ठावं हाय. भरूनच वर आलीय,” बाई म्हणाल्या. “तुमचीच वाट बगत हुतो समदी.”

माणसाला दोन वाक्यांत जागेवर बसवण्याचा मक्ता आम्हा पेठेतल्या लोकांकडे आहे असं मी समजत होतो. तो त्या दिवशी सुटला.

काकींचं घर तिथलंच, शेतकऱ्याचं. दारात म्हशी, मागे थोडी शेती, मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. भावकीतलं कुठलंही कार्य असो, मानपानाचं खातं काकींकडे. कुणाला आधी हळदकुंकू, कुणाला पहिल्या पंगतीत बसवायचं, कुणाची सासू कुणाच्या शेजारी बसवायची नाही, हे त्यांना तोंडपाठ. वर्गातही महिन्याभरात तेच झालं. कोण जेवलं नाही, कोण कुणाशी बोलत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळायचं. त्यांच्या गटात सायली नावाची एक मुलगी होती. कॅमेरा तिच्याकडे. ती जवळजवळ इंग्रजीतच बोलायची आणि काकी जवळजवळ ओव्यांच्या चालीवर, पण दोघींचं मेतकूट जमलं होतं.

पटकथेच्या तासाला काकींनी वहीत दोन ओळी लिहून आणल्या. ‘दोन भाऊ शेजारी बसून जेवतात. समाप्त.’ सिनेमाचं नाव ‘पंगत’. पात्रं दोन, ‘दादा’ आणि ‘हे’.

“‘हे’ कोण?” मी विचारलं.

वर्ग फिस्सकन हसला. सायली म्हणाली, “सर, हजबंड! काकी नाव नाही घेत त्यांचं. सो क्यूट ना?”

“ठीक आहे. पण काकी, यात संघर्ष कुठे आहे? गोष्टीत काहीतरी भांडण लागतं.”

“भांडान झालंय की आदीच,” काकी म्हणाल्या. “त्येच परत कशाला दाखवायचं?”

मग ते भांडण कळलं. काकींच्या मुलीच्या लग्नात मानाच्या माणसांना बांधायचे फेटे काकींच्या ताब्यात होते. मांडवाच्या दारात एकेक पाहुणा आला तसा त्यांनी फेटा दिला. आलेल्या माणसाला नाही म्हणायचं कसं? नवऱ्या मुलाच्या मित्रांना दिले, बँडवाल्यालाही दिला. आणि जेव्हा थोरले दीर, म्हणजे दादा आले, तेव्हा फेटे संपले होते. घरातला कर्ता माणूस पुतणीच्या लग्नात बोडका बसला. एवढ्यावर निभावलं असतं, पण काकींचे यजमान म्हणाले, “फेट्याबिगर काय अडतं व्हय?” त्यावर दादा म्हणाले, “न्हाई ना अडत? मग तुजा काड.” यजमानांनी काढला नाही. तेव्हापासून एका अंगणातल्या दोन ओट्यांवर दोन भाऊ तोंडं फिरवून बसत होते.

“चूक माझी हुती सर,” काकी म्हणाल्या. “आन बोलनं त्यांचं बंद झालं. मी जाऊबाईंकडून माफीचा निरोप धाडून बगितला. दादा म्हन्ले, तुज्यावर राग न्हाई. मंग मी काय करू? सिनेमासाठी म्हनलं तर बसतील शेजारी. सिनेमाला कुनी न्हाई म्हनत न्हाई.”

एवढी वर्षं या धंद्यात आहे. पुरस्कारासाठी सिनेमा करणारे पाहिले, बायको मिळावी म्हणून करणारेही पाहिले. दोन माणसांना शेजारी जेवायला बसवण्यासाठी कुणी कॅमेरा हातात घेतलेला पाहिला नव्हता. त्या क्षणी मला ही बाई फार आवडली. अर्थात मी तोंडाने एवढंच म्हणालो, “दहा मिनिटांच्या वर गेलं तर परीक्षेत घेणार नाहीत.”

शूटिंगच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. अंगणात पंगत मांडलेली. काकींनी पाहुणे बोलावले होते, आणि काकी बोलावतात म्हणजे फेट्यांसारखंच बोलावतात. मावळणी, साडू, जाऊबाईंचं माहेर, सगळे नटूनथटून कॅमेऱ्यापुढे बसले. फक्त दोन पाटांवर कुणी नव्हतं. दादांनी निरोप धाडला, तो बसला तर मी नाही. यजमानांनीही तोच निरोप धाडला. निदान या एका बाबतीत भावांचं एकमत होतं.

काकी खचल्या नाहीत. “दोघांचं येगळं येगळं घिऊ,” म्हणाल्या. आधी दादांच्या ओट्यावर गेलो. आता दिग्दर्शिका भावजय आणि नट थोरला दीर. काकी दादांसमोर मोठ्याने बोलत नसत. त्या खांबाआड उभ्या राहून म्हणाल्या, “सायली, दादान्ला म्हनावं, जरा डावीकडं बगा.”

दादा हाताच्या अंतरावर बसले होते. ते म्हणाले, “सायली, तिला म्हनावं, डावीकडं उकिरडा हाय. तिकडं काय बगू?”

सायली बिचारी दोघांच्या मध्ये कॅमेरा धरून मान हलवत होती. दादांनी शेवटी उकिरड्याकडे पाहिलं, पण तोंड उकिरड्याकडे पाहिल्यासारखंच केलं. काही जमेना. माझी बसची वेळ झाली म्हणून मी पिशवी उचलली, तर दादा एकदम मऊ आवाजात मला म्हणाले, “आता कुठं निगालास? ताट वाडलंय. जेवून जा की.” वयाने मला अरेतुरे करायचा त्यांचा अधिकारच होता. मी नको नको म्हणून निघालो. दुपारी सायलीने गोठ्यात यजमानांचं चित्रण केलं म्हणे, आणि तेही लाकडासारखे बसले होते.

खरी मजा संकलनाच्या तासाला. काकींचा पहिला सिनेमा पाऊण तासाचा झाला. त्यात प्रत्येक पाहुणा होता. एक गृहस्थ तर फक्त द्रोण पुसताना दिसत होते.

“काकी, हे कोण?”

“उरळीचे मावसभाऊ.”

“यांचं कथेत काय काम?”

“दोन गाड्या बदलून आल्यात सर! आन त्यान्ला काडू?”

मी डोक्यावर हात मारला. कापणं म्हणजे अपमान नव्हे, हे मी नाना तऱ्हेनं सांगितलं. काकी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “बराबर हाय तुमचं. पन त्यान्ला काय सांगू?” एकदा एका माणसाला वगळलं, त्याचं काय झालं ते त्या रोज अंगणात पाहत होत्या. त्यांना कात्री चालवायला सांगणं सोपं नव्हतं, हे मला कळत होतं. पण दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं.

त्याच आठवड्यात मी एक धडा घेतला. एक माणूस एकीकडे बघतोय असं दाखवा, लगेच दुसरा माणूस दाखवा. दोघं कधी भेटलेले नसले तरी बघणाऱ्याला वाटतं, ते एकमेकांकडेच बघतायत. एकाचं बोलणं आणि दुसऱ्याचा चेहरा जोडला, की झाला संवाद. मुलांनी माना डोलावल्या. काकींनी मात्र हात वर केला.

“मंजे ते कदी बोललेच न्हाईत, तरी बोलले?”

“पडद्यावर बोलले.”

“हं,” काकी म्हणाल्या. तास संपला तरी जागच्या उठल्या नाहीत.

पुढचे दोन आठवडे काकी वर्गाला आल्या नाहीत. मी सायलीला विचारलं, तर ती म्हणाली, “सर, काकी टूरवर आहेत. अनइन्व्हाइट टूर.” काय भानगड आहे ते काकी परतल्यावर समजलं. लग्नाचं आमंत्रण द्यायला जातात तसं त्या गावोगाव प्रत्येक पाहुण्याच्या घरी गेल्या होत्या. लाडवाचा डबा घेऊन. हळदकुंकू लावायचं, चहा प्यायचा, आणि मग सांगायचं, “तुमाला सिनेमातनं काडतीय. राग धरू नका. पन दाखवायच्या दिवशी जेवायला यायचं.”

“कुणी रागावलं का?” मी विचारलं.

“उरळीचे मावसभाऊ म्हन्ले, काडा, पन द्रोन चांगला पुसला हुता का सांगा.”

परीक्षेआधी सिनेमा घरी दाखवायचा, असा काकींचा हट्ट. अंगणात पांढरी चादर बांधली. संध्याकाळची वेळ, मागे चुलीवर आमटी उकळत होती. वगळलेले पाहुणे झाडून सगळे आले होते. दादा आपल्या ओट्यावर, यजमान आपल्या ओट्यावर, दोघंही आपल्याला यात रस नाही अशा आविर्भावात चादरीकडे बघत होते. काकी कुठे दिसेनात. मग लक्षात आलं, त्या स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. काय लावलंय पणाला, ते त्या एका चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.

चादरीवर वाढलेलं ताट आलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग दादांचा चेहरा. ते उकिरड्याकडे बघणारं तोंड नव्हे. कुणीतरी निघून चाललंय आणि त्याला थांबवावंसं वाटतंय, असं तोंड. “आता कुठं निगालास? ताट वाडलंय. जेवून जा की.” आणि लगेच यजमानांचा चेहरा. डोळे भरलेले, ओठ थरथरणारे, एकटक कुणाकडे तरी बघणारे. मी संकलक आहे. जोड कुठे आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी तो शोधायचं विसरलो.

कुणीतरी नाक ओढलं. आणि मग ओट्यावरून दादांचा आवाज आला.

“ए सायली! मी ते सरांना म्हनलो हुतो.”

मग समोरच्या ओट्यावरून यजमान चादरीकडेच बघत म्हणाले, “आन मी रेडकाकडं बगत हुतो. नुकतंच पायावर उभं राह्यलं हुतं.”

फेट्यानंतर भावांमध्ये झालेला हा पहिला संवाद. कॅमेरा बंद कर असं कुणी म्हणायचंच नाही, म्हणून दोघांचे ते चेहरे सायलीला मिळाले होते. नट म्हणून दोघं भिकार. पण चित्रण संपलं असं समजून ते माणसासारखे वागले, आणि काकींनी कट म्हटलं नव्हतं.

लोक आता हसावं की काय या विचारात होते. दारात काकींचा चेहरा पडला होता. खोटेपणा पकडला गेला, असं त्यांना वाटलं असणार. दादा उठले. ओट्याच्या पायऱ्या उतरून अंगणाच्या मधोमध आले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

“सर, त्या दिवशी जेवला न्हाईस. आज तरी जेवून जा.”

“हो, जेवतो की.”

दादांनी गोठ्याकडे तोंड केलं. “आन येताना त्या रेडकाच्या मालकालाबी घिऊन ये संगं.”

मी वळलो, पण मला आणायला जावं लागलंच नाही. यजमान आपल्या पायऱ्या उतरत होते.

पाट मांडले गेले. काकी आत पळाल्या आणि ट्रंकेतून एक कोरा फेटा घेऊन आल्या. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आणून ठेवला होता म्हणे, द्यायचा धीर होत नव्हता. त्यांनी तो सवयीने सायलीच्या हातात दिला. सायली काही बोलायच्या आत दादाच थेट काकींना म्हणाले, “जेवताना फेटा बांदत्यात व्हय सुमन? ठिव. नातवाच्या लग्नाला बांदीन. आदी आमटी वाड.” काकी आमटी वाढायला वाकल्या आणि किती तरी वेळ तशाच वाकून राहिल्या.

मला एकदम आठवलं. “सायली, शूट करतेस ना?”

सायली कॅमेरा मांडीवर ठेवून ढसाढसा रडत होती. “ओह शिट, सर!” म्हणून ती धडपडत उठली, तेवढ्यात काकींनी तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं. तो शॉट कुणाकडेच नाही.

परीक्षेत ‘पंगत’ बरोबर दहा मिनिटांची भरली. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याच पेठेतले निघाले, त्यामुळे कौतुकाची अपेक्षा नव्हती. त्यांनी शेरा मारला, ‘पंगतीच्या चित्रपटात दोन भाऊ एकत्र एकदाही दिसत नाहीत, हा मोठा दोष.’ पुढचा कोर्सही कराल का, असं विचारायला मी काकींना फोन केला तेव्हा हा शेराही जरा चाचरतच वाचून दाखवला.

मागून भांड्यांचा आवाज येत होता. दोन पुरुष कशावरून तरी तावातावाने वाद घालत होते.

“न्हाई सर, माजं काम झालं,” काकी म्हणाल्या. “आन त्या सायबांना म्हनावं, दुपारच्याला जेवायला घरी या. रोज दिसत्यात.”