बारकीचं वेगळं नेट

बारकी म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. मी दहावीला दोनदा आपटलो, पण आमच्या घराण्यात जी अक्कल यायची होती ती सगळी हिच्यात आली. आणि हिला शाळेत सोडायला कोण जायचं? मीच. दवाखान्यांचे रिपोर्ट ती घरी बसून टाइप करते. त्यात एक चूक काढून दाखवा, मिशी उतरवतो.

परवा ऑफिसनं तिला कळवलं, नेट वेगळं करा. उद्या दहाला तपासणी. दुसरं कोणी जोडलेलं दिसलं तर काम बंद. आमच्या नेटचा पासवर्ड तर अख्ख्या जिन्याला पाठ. मीच वाटला होता, मन मोठं आहे आपलं.

बारकीनं दुसरा राउटर आणला. घरच्या राउटरमधून एक वायर काढून त्यात खोचली आणि आपला कॉम्प्युटर त्याला जोडला. आता जिन्यातल्या कुणाच्या बापाला तिच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येणार नव्हतं. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते.

"पासवर्ड काय ठेवलास?"

"तुला नाही सांगणार, दादा."

"अगं, सख्खा भाऊ मी."

"म्हणूनच. तुला सांगितलं की जिन्यात पोचलं."

खरं तोंडावर बोलते. माझ्यावर गेलीय.

बाबांना मात्र ते फार लागलं. "एका घरात दोन नेट. म्हणजे वाटण्याच झाल्या की."

"बाबा, पेशंटची माहिती असते त्यात."

"मग आम्ही काय चोर?"

आई म्हणाली, "वाटण्या करताय तर भांडी घासणं कुणाच्या वाट्याला, ते आधी ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाच कमी असताना बारकीचं नेट गेलं. धावत बाहेर आली, तर घरच्या राउटरचा प्लग बाबांच्या हातात.

"आमचं आम्ही बंद केलंय. तुझं चालू दे की."

"माझं तुमच्यातूनच येतं, बाबा." तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "हे काम गेलं तर दुसरं कुठून आणू?"

बाबांनी प्लग परत खोचला. दोन्ही राउटरचे दिवे लागेस्तोवर तिचा डोळा घड्याळावर.

दहाला तिच्या ऑफिसच्या साहेबाचा फोन आला. तिची स्क्रीन तिकडून उघडून त्यानं नेटला काय काय जोडलंय त्याची यादी बघितली, एकच कॉम्प्युटर. मग स्पीकरवरून विचारलं, "हे नेट घरातलं आणखी कोणी वापरतं का?"

दारातून बाबा म्हणाले, "आम्हाला कोण विचारतंय? पोटच्या पोरीनं पासवर्ड दिला नाही. थोरल्यालासुद्धा नाही."

"हेच लिहून घेतो," साहेब म्हणाला, आणि तिला पास केलं.