महिला बॅचमधला हात

इरा आणि चिन्मय, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुला कधी काही दिसलंय का?" मी विषय बदलला, कारण तुमची आई शेजारी बसली होती. तुम्ही दोघं हे सदर वाचता हे मला माहीत आहे, म्हणून उत्तर इथेच लिहिते. बाकीच्यांनीही वाचावं. दिसलं काहीच नाही. जे झालं ते माझ्या पाठीला कळलं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, कारण माणसांवरच नव्हता. विमा कंपनीत मी वर्षानुवर्षं क्लेम तपासले. दुकान जळालं की लोक हळहळायचे, मी विचारायची, कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडे होती? तुमचे आजोबा म्हणायचे, हिला देव भेटला तरी ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल. तेव्हा पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, मी सहज मानणाऱ्यांतली नाही.

आमच्या मुलुंडमध्ये एक क्रीडासंकुल आहे. नाव लिहीत नाही, मला अजून तिथे जायचं आहे. वर बॅडमिंटनचा हॉल, खाली कॅरमची खोली, मागच्या बाजूला उघड्यावर तरणतलाव. काठावर उभं राहिलं की पश्चिमेला डोंगर दिसतो. दुपारच्या जेवणानंतर महिलांची बॅच असते. त्या वेळी दाराला आतून कडी, आणि शिकवणारीपासून लाइफगार्डपर्यंत सगळ्या बायकाच. गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी जायला लागले. चालता चालता पोहायलाही शिकावं असं वाटलं, पण मला उताणं तरंगता येईना. मान सैल सोडायची असते आणि ती माझ्याच्याने सुटत नसे. मी मान उचलायची आणि पाय खाली जायचे.

शिकवणारी रूपाली. तिशीतली, काटक, कांजूरमार्गहून येते, घरी आई आणि ती दोघीच. याच तलावात लहानपणी शिकली आणि पुढे जिल्ह्याच्या स्पर्धांपर्यंत पोहोचली. शिकवायची तिची रीत एकच... पाठीखाली हात धरायचा, हळूहळू सैल करायचा आणि कळू न देता काढून घ्यायचा.

सुरुवात नीताबेनपासून झाली. नीताबेन माझ्याच वयाच्या, पाण्याला माझ्याहून जास्त घाबरणाऱ्या. एका दुपारी त्या उथळ बाजूच्या कोपऱ्यात उताण्या झाल्या आणि चक्क तरंगल्या. शिडीपाशी येऊन उभ्या राहिल्या तर चेहरा फुललेला.

"रूपाली, आज तू मस्त पकडला मला. एकदम छोटा बाळ जैसा."

रूपाली समोरच्या काठावर होती, दुसऱ्या एकीला तरंगायचा बोर्ड देत. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग नीताबेनकडे.

"मी इथे आहे नीताबेन," ती म्हणाली.

"तो कोण पकडला मला?"

त्या दिवशी सगळ्या हसल्या. पुढे आणखी दोघींना त्याच कोपऱ्यात तसंच झालं, तेव्हा हसणं थांबलं. मग बॅचमध्ये नुकत्याच आलेल्या एका मुलीला तो हात लागला आणि ती किंचाळत बाहेर आली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पाण्यात पाठीला अनोळखी हात लागला तर बाईच्या मनात पहिला विचार भुताचा येत नाही. संध्याकाळी तिचा नवरा मॅनेजरकडे गेला.

माझ्याही मनात भूत आलं नाही. माझा पहिला संशय पाण्यावर होता. फिल्टरमधून आलेलं पाणी भिंतीतल्या भोकांतून आत सुटतं, त्याचा रेटा पाठीला लागतो. दुसरा संशय परबबाईंवर. परबबाई मालवणच्या, माशासारख्या पोहणाऱ्या, पाण्याखाली दम धरून तलावाचं टोक गाठणाऱ्या, आणि स्वभावाने खोडकर. मी त्यांना कपडे बदलायच्या खोलीत सरळ विचारलं.

"तुमका माझो संशय इलो?" त्या केस पुसत म्हणाल्या. "येवंदे. माझ्या घोवाक पण येता. पण माका सांगा, त्या नीताबेनक उचलूक माका दोन माणसां लागतील."

नीताबेन आतल्या न्हाणीघरात होत्या. "मी ऐकला," त्या आतूनच म्हणाल्या.

तिसरा संशय रूपालीवर होता, आणि तो मॅनेजरलाही होता. ती एकाच वेळी दोन ठिकाणी कशी असेल, याचा विचार त्याने केला नव्हता. मला ऑफिसात बोलावून तो अदबीने म्हणाला, "मॅडम, लेडीज बॅचमध्ये कुणी हात लावतं अशी तक्रार आली की संपलंच. तुम्ही सीनियर आहात. तुम्ही सांगा, ती मुलगी कशी आहे? मी तिला या महिन्यानंतर थांबवणार आहे."

थांबवणं ठीक होतं, दुसरीकडे काम मिळालं असतं. पण कशासाठी थांबवलं हे बाहेर कळल्याशिवाय राहिलं नसतं. पोहायला शिकवणारीवर तसा शिक्का बसला की मुंबईतला कुठला तलाव तिला घेईल? मी त्याला म्हटलं, मला तपासू दे.

रूपालीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "काकू, मी काठावर होते. तुम्ही बघितलंत."

"बघितलं. म्हणूनच विचारते. तुझ्याशिवाय कोण होतं?"

"मला काय माहीत." ती टाइल्स पुसत राहिली. नोकरी जायची वेळ आलेल्या माणसाने इतकं शांत असावं, हे मला आवडलं नाही. निर्दोष माणसं आरडाओरडा करतात, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दुपारी, लख्ख उन्हात, मी सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. फिल्टरचा पंप बंद करून घेतला. भिंतीतल्या भोकांसमोर हात धरून पाहिला, रेटा नव्हता. रूपालीला काठावरच्या बाकावर बसवलं, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे. परबबाई तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी हिच्यार डोळो ठेवतंय. तुम्ही निजा बिनधास्त." नीताबेन तोंडातल्या तोंडात जप करत होत्या. तळ स्वच्छ दिसत होता, निळ्या टाइल्सपर्यंत.

मी त्या कोपऱ्यात उभी राहिले आणि मागे झुकले. नेहमीसारखी मान आखडली, पाय खाली जायला लागले. मनात म्हटलं, झालं, सिद्ध झालं, बायकांच्या मनाचे खेळ...

आणि मग तो आला.

आधी पाठीच्या मधोमध, सपाट, बोटं पसरलेला तळवा. मोजायची माझी सवय जात नाही, मी बोटं मोजली, पाच होती. तळवा पाण्यापेक्षा ऊनही नव्हता आणि गारही नव्हता. मग दुसरा हात मानेखाली आला. तुम्ही दोघं जन्मलात तेव्हा तुम्हाला न्हाऊ घालायला बाई यायची. बाळाचं डोकं ती जसं हातावर तोलायची तसं माझं डोकं तोललं गेलं. मला ओरडायचं होतं. पण मान सुटली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या परवानगीशिवाय सुटली, कानांत पाणी गेलं, आणि वर फक्त आभाळ राहिलं आणि एक घार.

मी हलत होते. हात-पाय न मारता, डोक्याकडून सरळ शिडीच्या दिशेने. शिडीचा गज डोक्याला लागला तेव्हा पाठीखाली काही नव्हतं. मी उभी राहिले आणि आधी बाकाकडे पाहिलं. रूपालीचे तळवे गुडघ्यांवरच होते.

 परबबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, "पाणी हललाच नाय. तुम्ही हललात."

मी मॅनेजरकडे गेले.

"मग मॅडम? काय निघालं?"

"रूपाली बाकावर होती. पाण्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं."

"म्हणजे कुणी हात लावला नाही."

"कुणीच नाही."

"आणि तुम्हाला काही जाणवलं?"

आता काय सांगायचं होतं? खरं सांगितलं असतं तर त्याने बॅच बंद केली असती, रूपाली गेली असती आणि मी म्हातारपणी बडबडायला लागले असं ठरलं असतं.

"मला तरंगता आलं," मी म्हटलं.

तो मोकळेपणाने हसला आणि रूपाली राहिली.

मी मात्र थांबले नाही. कुणी बुडालं होतं का, विचारलं. तलाव खोदला तेव्हापासून असलेला जुना वॉचमन आता निवृत्त होऊन जवळच राहतो, त्याच्या घरी गेले. बुडणं सोडा, कुणाला कधी चक्करसुद्धा आलेली नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. आधी इथे भातशेत होतं, बस्स. म्हणजे दोष द्यायला एक मेलेलं माणूससुद्धा मिळालं नाही. पाणी, पंप, पोहणाऱ्या बाया, सगळं तपासून झालं. माझ्याकडे आजही खुलासा नाही. तुम्हाला सुचला तर कळवा, फक्त "वय झालं" असं लिहू नका.

एक गोष्ट मात्र मला आणखी सांगायची आहे, कारण तीच मला खुपते. त्यानंतर एकदा बॅच संपल्यावर मी रूपालीला म्हटलं, "तू जरा त्या कोपऱ्यात तरंगून दाखव."

तिने आढेवेढे घेतले नाहीत. कोपऱ्यात गेली, उताणी झाली, मान सोडली, आणि दगडासारखी तळाला गेली. बाहेर आली ती खोकत. काटक माणसं पाण्यात जड असतात, मला माहीत आहे. पण तलावात दुसरीकडे ती पानासारखी तरंगते, ते मी रोज बघते.

"मला नाही धरत," ती म्हणाली.

"कोण?"

तिने टोपी काढून पिळली. "काकू, उशीर होतोय. आईला दवाखान्यात न्यायचंय."

म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. किती आधीपासून, ते मी विचारलेलं नाही. आणि माहीत होतं तर नोकरी जायची वेळ आली तरी ती गप्प का बसली? मी तिच्यासाठी मॅनेजरपुढे शब्द टाकला तो कुणाला वाचवायला, तिला की आणखी कुणाला?

या आठवड्यात एक नवीन बाई आल्या आहेत. पन्नाशीच्या, भेदरलेल्या, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरणाऱ्या. काल रूपाली त्यांना घेऊन सरळ त्या कोपऱ्यात गेली. मी शेजारीच पाण्यात चालत होते. बाईंनी डोळे मिटले.

"मान सोडा," रूपाली हळूच म्हणाली. "घाबरू नका, धरलंय."

बाई तरंगल्या. रूपालीचे दोन्ही हात डोक्यावर होते, ती स्वतःची टोपी नीट करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली आणि चालत राहिले.