रंगाखालची फुली

गाडी ऐंशीच्या पुढे गेली की थरथरते, अशी तक्रार कोणी केली की त्या भागातला कुठलाही मेकॅनिक एकच पत्ता सांगायचा. "वैद्याकडे जा." वैद्य हे काही त्याचं आडनाव नव्हे. तीस वर्षं गाड्यांच्या नाड्या बघत आला, म्हणून लोकांनी चिकटवलेलं नाव. स्टिअरिंग हललं तर दुखणं पुढच्या चाकांत, सीट हलली तर मागच्या चाकांत, ब्रेक दाबल्यावरच हललं तर डिस्क वाकडी, असा त्याचा हिशोब. बायको म्हणायची, "लोकांच्या गाडीची कणकण ह्यांना बोट लावलं की कळते. माझं डोकं ठणकतंय हे मात्र तीनदा सांगावं लागतं."

गॅरेज दोघा भावांचं. गाडी चालवून बघणं आणि गाडीखालची कामं वैद्याची. टायर, रिमा आणि बॅलन्सिंगचं मशीन धाकट्याच्या ताब्यात. काउंटरवर वैद्याची बायको. वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. कुठल्या नटाला कितीचा पाना लागतो हे त्याला वैद्यानेच शिकवलं होतं.

एका सकाळी सिस्टर आली. शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात ती नर्स होती, रोज हायवेने जायची-यायची. दीड महिन्यापूर्वी खड्ड्यात आपटून तिच्या पुढच्या दोन्ही रिमा कामातून गेल्या, तेव्हा धाकट्याने नव्या बसवून दिल्या होत्या. त्यानंतरची ही तिची तिसरी खेप.

"तुमचे भाऊ म्हणतात रस्ता खराब आहे," ती म्हणाली. "अहो, रस्ता तोच आहे. आधी कुठे थरथरत होती?"

"त्याने दोनदा बॅलन्सिंग केलंय ना? मग दुसरंच काहीतरी असणार. बसा, बघतो."

वैद्य गाडी घेऊन हायवेला लागला. ऐंशीला बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं, पंच्याण्णवला स्टिअरिंग थडथडायला लागलं. ब्रेक हलकेच दाबून पाहिला, फरक नाही. परत येऊन त्याने पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकली आणि पुन्हा एक फेरी मारली. आता स्टिअरिंग गप्प, आणि सीटखाली थरथर. दुखणं चाकांबरोबर मागे गेलं होतं. म्हणजे गाडी निर्दोष, खोट चाकात.

धाकटा सामान आणायला बाहेर गेला होता. वैद्याने स्वतःच चाक मशीनवर चढवलं. आकडा शून्य. वजन चोख, मग थरथर कसली? त्याने एक खडू रिमच्या कडेजवळ धरला आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. एका बाजूला खडू घासला, दुसऱ्या बाजूला काडेपेटीची काडी जाईल एवढी फट. दीड महिन्याची रिम, आणि गोलच नाही!

त्याने टायर उतरवला. आतल्या बाजूचा रंग नको इतका जाड होता. स्क्रूड्रायव्हरने खरवडला, तशी वेल्डिंगची रेघ दिसली. आणखी खरवडलं, आणि पुट्टी भरून बुजवलेली एक फुली वर आली.

वैद्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ती फुली त्याची होती. तडा गेलेली रिम चुकूनही कोणी बसवू नये म्हणून तो छिन्नीने आतून फुली मारायचा आणि भंगारात टाकायचा. भंगार पोचवायचं काम धाकट्याचं.

धाकटा आला, रिमकडे नजर गेली आणि दारातच थबकला.

"हे काय आहे?" वैद्याने विचारलं.

"दादा, वेल्डिंग पक्कं आहे. सगळेच करतात."

"मी मोडीत काढलेली रिम तू रंगवून नवी म्हणून विकलीस? ती बाई रोज शंभरने जाते रे! हायवेवर चाक फुटलं असतं तर?"

"फुटलं नाही ना?"

कुंपणच शेत खात होतं. वैद्याचा हात उचलला गेला होता, तो त्याने कसाबसा आवरला.

"आणखी कोणाकोणाला बसवल्यास?"

धाकट्याने आणलेलं सामान खाली ठेवलं. तेवढ्यात काउंटरवरून बायकोचा आवाज आला. "फोटोवाला. बँकेतली दोघं. शाळेची व्हॅन..." ती मान खाली घालून एकेक गिऱ्हाईक सांगत गेली, कुठेही न अडखळता. चौदा झाली.

वैद्य काउंटरकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"भावजी म्हणाले, तुम्हाला कळलं तर घर फुटेल."

भावावर त्याला निदान ओरडता तरी आलं. हिच्याकडे पाठ फिरवून त्याने रिम उचलली.

सिस्टर आतल्या बाकावर होती. सगळं तिच्या कानावर गेलंच होतं, तरी वैद्याने जाऊन तिला पहिल्यापासून सांगितलं, रिम हातात देऊन तडा दाखवला.

ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, माझ्या भावाने बसवल्यात, डोळे मिटून जा."

त्याला आठवलं. तेव्हा त्याने गाडीखालून मानसुद्धा बाहेर काढली नव्हती. दुसऱ्या दुकानातून रिमा आणून त्याने तिची गाडी दुपारपर्यंत नीट करून दिली. ती गेली, ती परत कधी आली नाही.

आठवडाभर तो एकेकाला फोन करत होता. "गाडी चालवू नका, मी येतो," एवढंच सांगायचा आणि जॅक घेऊन दारात हजर व्हायचा. काहींनी शिव्या घातल्या. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर चाकाजवळ उकिडवा बसून वेल्डिंगच्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. धाकटा मशीन उचलून घेऊन गेला, दोन गल्ल्या पलीकडे त्याने आपला गाळा थाटला. जाताना म्हणाला, "परक्यांसाठी भावाला बाहेर काढलंस."

बायको अजून काउंटरवर बसते. दोघं कामापुरतं बोलतात. तिने सांगितलेला निरोप तो मान हलवून ऐकतो, आणि मग गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावून पुन्हा विचारतो. तिला ते दिसतं.

तेरा गाड्या सापडल्या. चौदावी, एक निळी गाडी, मालकाने परगावच्या कोणाला तरी विकून टाकली होती, आणि घेणाऱ्याचा फोन लागत नाही. वैद्य रोज सकाळी शटर उघडल्यावर आधी तो नंबर लावतो.