नत्थूजी मिस्त्रींनी दिलेलं उत्तर

आर्वीत क्लच नसलेली मोटार एकच होती, ती प्रभाकररावांची. त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, गावाबाहेर होतं, आणि छप्पन्न सालची ती लांबलचक अमेरिकन गाडी त्यांनी नागपूरच्या एका बॅरिस्टरांकडून जुनीच घेतली होती. तिचे गिअर आपोआप बदलत. डाव्या पायाला कामच नाही, याचं लोकांना नवल वाटे. बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेली माणसं काचेला नाक लावून तिसरं पायडल शोधत.

ही गाडी नानाजी चालवायचे. सोळा वर्षं तेच चालवत होते. दुरुस्तीचं काम मात्र नत्थूजी मिस्त्रींकडे.

नत्थूजी आधी एसटीच्या डेपोत फिटर होते. सत्तर साली नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं. गॅरेज म्हणजे जिनिंगच्या फाटकाला लागून टिनाची एक शेड. जागा प्रभाकररावांचीच. नत्थूजींचा हात मोठा कसबी होता. इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचे आणि कुठलं बेअरिंग गेलं ते सांगायचे. नागपूरचे मेकॅनिक हात लावायला कचरत ती गाडी हा माणूस आर्वीत बसून चालू ठेवतो, असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला त्यांना आवडायचं. "मले हे येत नाई" असं वाक्य त्यांच्या तोंडून मी तरी कधी ऐकलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात गाडीखाली तेल दिसू लागलं. असल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये लाल रंगाचं पातळ तेल असतं. ते फार तापतं, म्हणून दोन बारीक लोखंडी नळ्यांतून रेडिएटरपर्यंत जातं आणि थंड होऊन परत येतं. त्यातली एक नळी वळणावर चिरली होती. नत्थूजींनी खाली झोपून ती शोधून काढली. नवी नळी, नाहीतर तेलाचा दाब सोसणारा खास रबरी पाइप, नागपूरहून मागवायला हवा होता. त्याला आठ दिवस लागले असते.

प्रभाकररावांकडे तीनच दिवस होते. त्यांच्या मुलीच्या सोयरिकीसाठी पाहुणे येणार होते, त्यांना नागपूर स्टेशनवरून याच गाडीत आणायचं ठरलं होतं.

"होईल ना नत्थू?" त्यांनी विचारलं.

"होऊन जाते, भाऊसाहेब."

नत्थूजींनी चिरलेला भाग कापला आणि मध्ये हातभर रबरी पाइप घालून दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या. तो पाइप पाण्याचा होता. गरम तेलानं तो फुगतो, नरम पडतो, हे त्यांना ठाऊक होतं. आठवडाभर निघेल, मग बदलू, असा हिशेब त्यांनी मनाशी केला.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी नानाजी गॅरेजवर आले. नत्थूजी कुणाच्या तरी जीपची ब्रेक खोलून बसले होते.

"नत्थू, थेंब पुन्हा दिसून राह्यले गा. त्या रबराले हात लावून पाह्यला, चिपचिप लागते."

"क्लिप बसत असते ते. घाम हाय तो घाम. जा बिनघोर."

"एकदा येऊन पाहून घे ना. पाहुणे हायेत गाडीत."

"मिस्त्री मी हावो का तू हायेस?" नत्थूजी हसत म्हणाले, पण मान वर केली नाही. नानाजी तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नागपूरला जाताना काही झालं नाही. येताना पाहुणे मागे बसले होते, प्रभाकरराव पुढे. कारंजा सुटलं, तळेगाव यायचं होतं, तेवढ्यात खालून धूर आला. पाइप फाटला होता. इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी पुढं ओढेना. मुलाकडची माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या बाया, दोन तास रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहिली आणि शेवटी कापसाच्या ट्रकमध्ये बसून आर्वीला पोचली. सोयरीक मोडली नाही, पण प्रभाकररावांना ते फार लागलं.

संध्याकाळी गाडी बैलजोडी लावून ओढत आणली. जिनिंगच्या अंगणात प्रभाकरराव खुर्चीवर बसले होते. शेजारी नानाजी उभे. प्रभाकररावांनी नत्थूजींना बोलावलं.

"हा म्हणते, तेल गळते म्हणून यानं तुले काल सांगितलं होतं. सांगितलं होतं का?"

नत्थूजींच्या मनात त्या वेळी काय आलं, ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आधी शेड डोळ्यांपुढं आली. मग जिनिंगचे दोन ट्रक आणि ट्रॅक्टर, ज्यांचं काम नुकतंच मिळू लागलं होतं. मग गावातली माणसं काय म्हणतील ते. हे सगळं एका श्वासात आलं आणि श्वास सुटताना शब्द निघाला,

"नाई."

नानाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते भांडतील असं नत्थूजींना वाटलं होतं, आणि भांडले असते तर बरं झालं असतं, असं ते म्हणत. पण नानाजींनी खिशातून किल्ली काढली, खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवली आणि फाटकातून बाहेर पडले. सोळा वर्षांच्या नोकरीचा शेवट असा झाला.

गिअरबॉक्सच्या आत गिअर धरणाऱ्या पट्ट्या तेलाविना जळून गेल्या होत्या. सुटे भाग मिळाले नाहीत. गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली ती पुन्हा रस्त्यावर आली नाही.

महिन्याभरात नानाजींनी आर्वी सोडली. कुठल्याशा ट्रकवर लागले, आणि बिऱ्हाड नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जामला हलवलं. त्यांची मुलगी कांता तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होती, हुशार होती. परीक्षेला तीन महिने उरले असताना तिची शाळा सुटली ती सुटलीच. ही बातमी नत्थूजींना त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, जेवताना सांगितली. ते ताटावरून उठले. "काऊन हो, काय झालं?" भागीरथाबाईंनी विचारलं. नत्थूजींनी बायकोलाही सांगितलं नाही.

गॅरेज चाललं. शेडची पक्की भिंत झाली. दरवर्षी दिवाळीला ते ठरवत, यंदा भाऊसाहेबांपुढं जाऊन बोलायचं. फाटकापर्यंत जात, प्रभाकरराव "ये नत्थू" म्हणत, फराळाचं ताट पुढं करत, आणि बोलणं राहून जाई. त्र्याऐंशी साली प्रभाकरराव छातीत कळ येऊन गेले. त्यांच्या प्रेतयात्रेत नत्थूजी रडले तेव्हा लोकांना वाटलं, केवढी माया!

त्यानंतर तीन वर्षांनी ते जामला गेले. वर्ध्याला गाडी बदलून, दुपारच्या वेळी. नानाजींची दृष्टी कमी झाली होती, म्हणून ट्रक सोडून त्यांनी चौरस्त्यावर चहाचं दुकान टाकलं होतं. जवळ येईपर्यंत त्यांनी ओळखलं नाही.

"कोण? नत्थू का गा? बस."

चहा झाला. नागपूर, हैदराबादचे ट्रक थांबत होते, जात होते. गिऱ्हाईक जरा कमी झाल्यावर नत्थूजींनी सगळं सांगून टाकलं. पाण्याचा पाइप, घाम म्हणून उडवलेली गोष्ट, आणि तो 'नाई'.

नानाजी ग्लास विसळत होते. ते विसळतच राहिले.

"हे तू मले काऊन सांगून राह्यला?" ते शेवटी म्हणाले. "मले तर त्याच दिवशी माहीत होतं. ज्याले माहीत नव्हतं, त्याले सांगाचं होतं ना. तो माणूस मले खोटारडा समजून गेला."

नत्थूजींनी रिकामा ग्लास बाकावर ठेवला.

"एक गोष्ट तुलेही माहीत नाई," नानाजी म्हणाले. "धूर आला तशी मी गाडी थांबवली होती. भाऊसाहेबच म्हणाले, पाहुण्यांसमोर शोभा नको करू, तळेगावपर्यंत रेट. त्या रेटण्यानं पट्ट्या जळल्या. मी तेही बोललो नाई. मले वाटलं होतं, तेलाचं तू बोलशील."

"चुकलो, नानाजी."

"त्या दिवशी तुह्या मुस्काटात माराची इच्छा झालती. आता ते बी नाई." त्यांनी ग्लास उपडे घातले. "कांताले चार पोरं झाली. जाशील तर कौशल्याबाईले सांगजो. एवढं कर."

कौशल्याबाई म्हणजे प्रभाकररावांच्या पत्नी. नत्थूजी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात गेले आणि उभ्या उभ्या सगळं बोलले. पाइपाचं सांगितलं, स्वतःच्या खोटेपणाचं सांगितलं. प्रभाकरराव 'तळेगावपर्यंत रेट' म्हणाले, ते मात्र सांगितलं नाही. मेलेल्या माणसावर आता कशाला, असं त्यांना वाटलं. ते बरोबर केलं की आणखी एकदा नानाजींची अर्धी बाजू दाबून ठेवली, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे नेहमी म्हणत, नानाजीनं चूक केली त्याचं काही नाही, पण तो माझ्याशी खोटं काऊन बोलला? बारा वर्षं आमच्या घरात त्याचं नाव निघालं की असंच निघालं." आणि त्या आत गेल्या. बाहेर आल्या नाहीत. थोडा वेळ थांबून नत्थूजी परतले.

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः एसटीनं जामला जाऊन आल्या, एवढं गावाला कळलं. तिथं काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. गॅरेजची जागा त्यांनी काढून घेतली नाही. पण जिनिंगचे ट्रक त्यानंतर दुसरीकडे जाऊ लागले, आणि नत्थूजींनी कधी कारण विचारलं नाही.

वर्षातून दोनदा तरी ते जामला उतरत. नानाजी 'बस' म्हणत, चहा देत, पैसे घेत, "बरा हायेस ना?" विचारत आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळत. नत्थूजी अर्धा तास बाकावर बसून राहत, मग परतीची गाडी धरत. मी एकदा विचारलं, तिथं जाऊन काय मिळतं तुम्हाला? ते म्हणाले, "काही नाई. तो 'बस' म्हणते, एवढंच."