इंजिन बंद न करता कोरेगाव ते कवठे महांकाळ

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली लोखंडी प्लेट, इंजिनाचे चारही पाय, रेडिएटरचं स्टँड, सायलेन्सरचा वाकडा पाईप आणि डिझेल तोडून इंजिन बंद करायची तार. एवढं माझ्या हातचं. कुठल्या शाळेत शिकलो नाही. बॅटरी मी बनवलेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या जीपचं पेट्रोल इंजिन संपलं, म्हणून भंगारातून डिझेलचं आणून जुन्याच गिअरबॉक्सला जोडलं. प्लेटची भोकं कानसून कानसून अशी जुळवली की बोल्ट बोटानं आत जात होते. त्याच आठवड्यात मेव्हण्याच्या, अशोकच्या, नव्या घराची बुद्धवंदना होती. बायको, सुमन, पायरीवरच थांबली.

"वाटंत बंद पडली तर माझ्या भावाच्या दारातच इकायची. कबूल?"

"कबूल," म्हणालो. कारागिरानं दुसरं काय म्हणायचं?

चावी फिरवली. नुसतं कुंईं. पेट्रोलच्या जुन्या बॅटरीला डिझेलचं इंजिन फिरवणं झेपेना. शेजाऱ्यांनी उतारावर ढकललं, दुसऱ्या गिअरात क्लच सोडला आणि धडधड सुरू झाली. तेव्हाच ठरवलं, आता मुक्कामापर्यंत बंद करायची नाही.

तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर पुसेगावला चहा घ्या, जेवण म्हसवडला. पिठलं, दोन भाकरी, ठेचा, बारा रुपयांत. आम्ही आळीपाळीनं जेवलो. एकानं खायचं, दुसऱ्यानं गाडीत बसून एक्सलेटरवर पाय ठेवायचा. सुमननं पाय ठेवला की हॉटेलातल्या परातीसुद्धा थरथरायच्या.

"पावणं, बंद करा की गाडी!" हॉटेलवाला ओरडला. "गिऱ्हाईक भाकरी मागतंय का भांडतंय, कळंना मला!"

"चावी अडाकली असंल," एक म्हातारा म्हणाला. मी खिशातून चावी काढून दाखवली.

"आरं तिच्या! चावी खिशात, आन् गाडी चालू!"

डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे चावीचा इंजिन थांबवण्याशी संबंध नसतो, हे मी नीट समजावलं. म्हातारा सुमनकडं वळला. "बाई, ह्यो मानूस तरी बंद हुतो का?"

"न्हाई वं," ती म्हणाली.

दिघंची सोडल्यावर रस्ता एकदम सपाट. समोर मेंढरांचा कळप आला. मी घाईत पहिल्याऐवजी तिसरा गिअर टाकला. गाडीनं एक गचका दिला, आणि कोरेगावनंतर पहिल्यांदाच मला पाखरं ऐकू आली.

मी स्टिअरिंगकडं बघत राहिलो. एवढी प्लेट, एवढी कानस, आणि आता जीप मेव्हण्याच्या दारात.

दोन धनगर जवळ आले. "ढकलतो की. पर मेंढरं कोन बघंल?"

"मी बघते," म्हणून सुमन उतरली. पदर खोचला, काठी घेतली आणि "हुर्र!" करत अख्खा कळप बाभळीखाली नेला. धनगर ढकलायचे सोडून तिच्याकडंच बघत होते.

"बाई आमच्यातली हाय व्हय?"

"न्हाई. तुमी ढकला," मी म्हणालो.

गाडी सुरू झाली. सुमन परत येऊन बसली, तेव्हा गालावर धूळ होती आणि ती गालातल्या गालात हसत होती.

कवठे महांकाळला पोचलो तर वंदना सुरू झालेली. दारासमोर सपाट अंगण, म्हणून जीप चालूच ठेवली. आत "बुद्धं सरणं", बाहेर धडधड. सगळ्यांनी आवाज चढवला. अशोकची मावशी कानाशी लागून म्हणाली, "जावय, भाईर कोन कन्हतंय वं एवढं?" मग मात्र मी जाऊन तार ओढली.

जेवताना अशोकनं विचारलं, "आक्का, वाटंत कुटं बंद पडली का?"

माझा घास हातातच राहिला.

"न्हाई," सुमन म्हणाली. "आमटी वाड."

सकाळी अशोकनं ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. इंजिन पहिल्याच फेऱ्यात बोललं. तसलीच बॅटरी मी सांगलीतून घेतली आणि घरी येईपर्यंत चार वेळा मुद्दाम बंद करून चालू केली. सुमननं एकदाही "पुरे" म्हटलं नाही. ती "न्हाई" का म्हणाली, हे मी कधी विचारलं नाही. त्या प्रवासातलं माझ्याजवळ राहिलं ते तेवढंच.

निघताना अशोकनं मला बाजूला घेतलं होतं. "दाजी, जीप न्या तुमी. नुसतं इंजिन द्या, हिरीवर बसवतो." अठरा हजार रोख देत होता. मी नाही म्हणालो.