पेशकारीणबाईंचा लाल मासा

निजामाच्या राज्यात अख्ख्या बीड तालुक्यात माझ्या तोडीचा फोटूवाला नव्हता. म्हणजे दुसरा फोटूवालाच नव्हता, ती गोष्ट निराळी! चौथीत शाळेला रामराम ठोकला, हैदराबादेत एका उस्तादाकडं सहा महिने राबलो, अन् फोटूचा डबा, तिपाई अन् शेरभर घमेंड घेऊन परत आलो. त्या घमेंडीनं जी माती खाल्ली, ती आजही दातात कचकचते.

तालुक्याच्या कचेरीत एक पेशकार होते, तहसीलदाराच्या खालोखालचे अंमलदार. त्यांच्या बायकोला मी वैनी म्हणायचो. पोटी मूलबाळ नाही. तिच्या भावानं काचेच्या पेटीतून दोन लाल मासे आणून दिले होते. पुढं भाऊ पटकीनं गेला, एक मासाही गेला. उरलेला म्हातारा पेटीत घिरट्या घालायचा अन् वैनी त्याच्याशी बोलत बसायची.

एकदा मला म्हणाली, "भावजी, ह्याचं काय खरं न्हाई आता. एक फोटू काढून द्या. भावाची तेवढीच खूण हाय."

मी म्हणालो, मासाच काय, त्याच्या मनातलं बी काढतो!

तेव्हा फोटू काचेवर निघायचा, अन् माझ्याकडं काच एकच उरली होती. उस्तादानं बजावलेलं, काचेच्या पेटीतल्या वस्तूचा फोटू काढायचा तर आधी स्वतःला झाक. पुढं काळा पडदा बांध अन् भोकातून नुसतं भिंग बाहेर काढ, नाहीतर पेटीची काच आरशागत तुलाच दाखवील. ध्यानात होतं हो सगळं. पण त्या दिवशी मी नवाकोरा पांढरा फेटा बांधलेला, अन् गल्लीतल्या साऱ्या बाया बघायला जमलेल्या. मी पडद्याआड कशाला लपू?

पेटी ओसरीच्या सावलीत, मी अंगणात उन्हात. आधी थट्टा उरकून घेतली. पेशकारांना सांगितलं, तुमच्या मिशांना मासा बिचकतोय. ज्यांच्यापुढं गावोगावचे पाटील चळचळा कापायचे, ते साहेब गपचूप माजघरात जाऊन बसले! बायांना सांगितलं, जी हलेल तिच्या आयुष्याचं एक वर्ष हा डबा गिळतो. सारं अंगण खांबासारखं ताठ.

भिंगाचं टोपण काढलं, गाल फुगवून श्वास कोंडला अन् मनात दहापर्यंत मोजलं. कुणाची पापणी लवली नाही. हलत होता एकटा मासा.

घरी काच औषधात धुतली अन् उजेडाला धरली. दहा मोजेपर्यंत हलत राहिलेला मासा काचेवर उमटलाच नव्हता! नुसतं पाणी, अन् त्या पाण्यात तुऱ्यासकट उभा मी!

त्याच दिवशी जाऊन कबूल केलं असतं, तर हैदराबादेहून नवी काच महिन्यात आली असती. पण फोटूवाल्याची अब्रू! वैनीचा निरोप आला की मी सांगायचो, काच वाळतीय. पुन्हा आला की, फोटू छापायचा कागद यायचाय. मासा त्यानंतर दोन महिने जगला. दोन महिने! विचार करा.

मासा तुळशीपाशी पुरून वैनी स्वतः माझ्या दारात आली. फोटू हातात दिला. तिनं तो उजेडात नेऊन न्याहाळला. मला गप्प राहायचं कळेल तर ना! म्हणालो, "पाणी तरी झकास आलंय, वैनी."

"आलंय की. गाल फुगलेत, डोळे वटारलेत. माज्या माशात अन् तुमच्यात फरक एवढाच, भावजी. त्यो कदी खोटं बोलला न्हाई."