अख्ख्या लाइनीचं सरासरी वजन

हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं ऐकल्यावर तुमी मले शहाण्या माणसात धरणार नाही.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता. मी गिट्टीच्या ट्रकवर डायव्हर. कॅम्प एकमध्ये आमची झोपड्यायची लाइन. माही पोरगी सुमी लहानशी. पोट नगाऱ्यावानी, हातपाय काड्या, अन् झोपेत दात खाये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंत आहेत. अख्ख्या लाइनीनंच औषध घ्यावं, पण ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणं. अंदाजानं मी थेंबभरही देणार नाही. अन् दवाखान्याचा काटा नेमका मोडलेला.

आता मले सांगा, वजन तर आमचा रोजचा धंदा. भरला ट्रक धरमकाट्यावर चढवायचा, रिकाम्याचं वजन वजा करायचं, उरली ते गिट्टी. गिट्टीच्या जागी माणसं बसवली तर बिघडते काय?

सारी लाइन ट्रकात चढवली. बाया, लेकरं, म्हातारे, अन् मधात आमचा बापू पहिलवान. तो बसला तर ट्रकच्या कमानी कण्हाले लागल्या. काटेवाला तर गिट्टीचीच पावती फाडाले निघाला होता. रिकामा ट्रक वजा केला, उरलं त्याले माणसायनं भागलं, अन् मिशीवर ताव देत साऱ्यायले घेऊन दवाखान्यात गेलो. साऱ्यायचं वजन एकसारखं! असा न्याय कोर्टातबी भेटत नाही.

कंपाउंडरनं माप भरलं. सुमीनं तोंड उघडलं. तेवढ्यात बाई आल्या. त्यायनं मापाकडं पाह्यलं, सुमीकडं पाह्यलं, अन् माप काढून घेतलं.

"या पोरीचं वजन एवढं?"

"सरासरी हाय, बाई."

"उचला तिला."

उचललं. एका हातानं.

"आता यांना उचला." बोट बापूकडं.

बापूले कवळा घातला, जोर लावला. बापू जागच्या जागी, माही कंबर मात्र भलतीकडं. रांगेतल्या बाया पदर तोंडात कोंबून हसून राहिल्या होत्या.

बाई काही हसल्या नाही. म्हणाल्या, "तुमच्या कंबरेला जे झेपलं नाही, ते हिच्या पोटाला झेपेल?"

सुमी अजून तोंड उघडूनच बसली होती. म्या मुकाट्यानं तिचं तोंड मिटवलं.

पण हार मानन तो मी कसला? वाकड्या कंबरेनं रेशनच्या दुकानात गेलो, पोते तोलायचा तराजू उचलून आणला, अन् दवाखान्यासमोरच्या झाडाले टांगला. एकेकाले पारड्यात बसवलं. ज्याचं वजन त्याचं माप. सुमीले चमचाभर, बापूले दणक्यात. दोन-चार दिवसांत साऱ्या लाइनीतले जंत असे पळाले की जसा त्यायच्या मागं बुलडोझरच लागला! सुमी दुसरी भाकर मागाले लागली, तवा माही बायको कमल चुलीपाशी बसून हसतही होती अन् डोळेही पुसत होती.

तुमी म्हणान, एवढी फत्ते केली, तर नाव झालं असन. झालं ना! तराजू कोणं आणला, ते सारे विसरले. पण कॅम्पात कोणी लेकराले अंदाजानं औषध पाजाले निघालं, की शेजारीण हात धरते, "थांब वं माय, सरासरीबुवा नको होऊ."

अन् नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून जलमभर नुसतं 'अहो, ऐकलं का' म्हणणारी आमची कमल, तेबी आता भर चौकात खुशाल हाक मारते, "ओ सरासरीबुवा, जेवाले चला."